मशीनवरचा बुटाचा ठसा

सुनंदा भोईर. हिच्याशी मी वाईट वागले — दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या सकाळी मी दर अर्ध्या मिनिटाला मोबाईल बघत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाईट वागले. सोमवारी पुन्हा. आणि सहा महिन्यांनी अजून एकदा, सगळ्यात वाईट. तेव्हा 'चूक झाली' ही भाषा इथे चालणार नाही. चूक एकदा होते. चारदा होतं ते आपण केलेलं असतं.

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. संघटनेतल्या एकाही बाईशी नाही. जिला मी माझं सगळं सांगते असा माझा दावा आहे, त्या मैत्रिणीशीही नाही. आई, तूसुद्धा हे इथेच वाचते आहेस. पूर्ण वाच. मग काय ते बोल.

मी मुक्ता परब. घरकामगारांच्या संघटनेत काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिणं — पिवळा कागद, लाल अक्षरं, एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला मागण्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात मीच कोंबलेलं असणार, कल्याणच्या पुलावर नाहीतर माजिवड्याच्या सिग्नलला. पत्रक लिहिण्याचं एक शिक्षण असतं. वाक्यं लहान ठेवायची. दोष कोणाचा ते पहिल्या चार ओळींत सांगायचं. आणि शेवट मागणीने करायचा, कारण ज्याला काय करायचं ते कळलं नाही तो कागदाचा बोळा करून टाकतो. हे मला छान जमतं. किती छान जमतं ते पुढे येईलच.

सुनंदामावशी आमच्याकडे सात वर्षं होती. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, चौदाव्या मजल्यावर, घरात आई आणि मी दोघीच. मावशी माजिवड्याच्या मागच्या वस्तीतून यायची, तिथे तिची भाड्याची खोली होती आणि अकरावीतली मुलगी. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरं होती तिच्याकडे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, पण मला ताई म्हणायची. मी तिला घरात मावशी म्हणायचे आणि पत्रकात 'घरकामगार ताई'. अशी आमची नाती — ज्या जागी जे शोभेल ते.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे. मावशी चपला बाहेर काढायची. दाराच्या आत नाही, बाहेर, जिन्याकडच्या भिंतीला लावून. आमच्या मजल्यावर तशीच पद्धत. आम्ही दोघी मात्र बूट घालून सोफ्यापर्यंत यायचो आणि त्याबद्दल आम्हाला कधी कोणी काही बोललं नाही. कोण बोलणार? लादी पुसणारी?

तर तो शनिवार.

दुपारी कल्याणला आमचा मेळावा. कार्यकर्त्यांसाठी बारा टी-शर्ट छापून घेतलेले, छातीवर 'घरकाम हेही काम'. शाईचा वास डोक्यात जात होता, म्हणून सकाळी उठून सगळे मशीनमध्ये टाकले. सोबत माझी झोळीही टाकली, मळलेली होती. मीच टाकली. हे लक्षात ठेवा. मावशी तेव्हा घरात आलीसुद्धा नव्हती. झोळीच्या आतल्या कप्प्यात मागच्या आठवड्यात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. तो मी काढला नाही. मी घाईत होते — मी तेव्हा कायमच घाईत असायचे, क्रांती थांबली असती ना माझ्याशिवाय.

आई पतपेढीत कामाला गेलेली. दहाला मशीन थांबलं, पण दार उघडेना. काचेतून बघितलं तर आत पाणी तसंच, पिवळट, त्यात टी-शर्ट तरंगतायत. खाली रिक्षा थांबवून ठेवलेली. रिक्षावाल्याचे दोन फोन येऊन गेलेले. मी बूट चढवलेले. दार ओढलं. परत ओढलं. मशीन गुरगुरल्यासारखं करायचं आणि गप्प.

मावशी लादी पुसत होती. फडकं हातातच धरून आली.

"ताई, ओढू नको गं. आत पाणी हाय. पाणी असलं का ते दार सोडतच नाय. बटण बंद कर. खालच्या झाकणातनं पाणी काढूया, मग पाच मिनिटं थांब, आपोआप टक् वाजतं. डी विंगच्या भाभींकडं असंच झालेलं."

मी काय म्हणाले असेन? नीट आठवतं. म्हणाले, "मावशी, मला शिकवू नका. मला उशीर होतोय."

"शिकवत नाय गं. सांगते."

"तुम्ही लादी पुसा."

हे वाक्य मी बोलले. दोन तासांनी कल्याणच्या हॉलमध्ये शंभरेक बायकांसमोर उभी राहून मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलणार होते. आणि इकडे ज्या बाईला मशीन माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, तिला मी सांगितलं — तुम्ही लादी पुसा.

मग मी दोन्ही हातांनी हँडल धरलं, उजवा पाय मशीनच्या पांढऱ्या पत्र्यावर टेकवला, बुटासकट, आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. कड्कन आवाज आला. हँडल माझ्या हातात, दार जागच्या जागी. पत्र्यावर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटली, ओल्या लादीवरून चालून आलेल्या बुटाची, काळी, स्वच्छ.

मी तुटलेलं हँडल मशीनवर ठेवलं आणि निघून गेले. दहा वाजून दहा मिनिटं.

मेळावा झाला. मी बोलले. टाळ्या पडल्या. टी-शर्ट का नाहीत असं विजूताईंनी — आमच्या संघटनेतल्या सगळ्यात जुन्या — विचारलं, तर म्हणाले मशीन बिघडलं. एवढं एक खरं बोलले त्या दिवशी.

संध्याकाळी घरी आले. आई अजून यायची होती. आल्या आल्या मी काय केलं असेल? मशीनपुढे बसले आणि कुर्त्याच्या बाहीने तो ठसा पुसला. थुंकी लावून पुसला. का पुसला? कारण त्या घरात तो ठसा कोणाचा असू शकतो याचं एकच उत्तर होतं. मावशीचे पाय अनवाणी. आई शनिवारी सँडल घालते. ठसा राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. म्हणजे मी तेव्हाच ठरवलेलं होतं. 'घाबरले', 'गोंधळले', असलं काही नाही. घाबरलेली मुलगी रडते. मी पुसत होते.

रविवारी सकाळी आईने हँडल हातात घेऊनच मावशीला विचारलं. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी.

"सुनंदा, हे काय?"

"मी नाय तोडलं, वहिनी."

"मग आपोआप तुटलं?"

मावशीने माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "ताईला विचारा ना." मला वाट करून दिली. दोन शब्द बोलायचे होते मला — मी तोडलं. आईने काय केलं असतं? चार दिवस तोंड पाडून बसली असती. 'तुझ्या बापासारखी आहेस, वस्तूची किंमत नाही', असं म्हणाली असती. बस. एवढंच माझं नुकसान.

मी म्हणाले, "मी निघाले तेव्हा ठीक होतं."

सात वर्षं. आणि पाच शब्द.

मावशीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — दुकानदार नोट उजेडात धरून बघतो ना, तसं. मग म्हणाली, "बरं." आणि भांडी घासायला गेली. सगळी भांडी घासली. ओटा पुसला. जाताना आई म्हणाली, मेकॅनिक येऊन जाऊ दे, मग बघू. तोवर येऊ नकोस.

सोमवारी मेकॅनिक आला. उल्हासनगरचा कोणी मध्यमवयीन माणूस, गुडघ्यावर बसताना प्रत्येक वेळी "आई गं" म्हणणारा. त्याने आधी मशीनचं बटण बंद केलं. खालचं छोटं झाकण उघडलं, आतली बारीक नळी काढून पाणी परातीत सोडलं. मग फिल्टर फिरवून बाहेर ओढला — आणि त्याच्यामागून लगदा आला. पिवळा लगदा, मूठ-मूठ, मध्ये मध्ये लाल.

"कागद. एवढा कागद कोणी धुतो का ताई? ह्याच्यामुळे पाणी जाईना, पाणी जाईना म्हणून दार उघडेना. मशीन बरोबर होतं, माणूस चुकला." मग त्याने झाकणाच्या आत बोट घालून एक लहानशी पट्टी दाखवली. "ही बघा. पाणी काढायचं, थोडं थांबायचं आणि ही हळूच खाली ओढायची. एक बोट पुरतं." ओढली. टक्. दार उघडलं.

मावशी म्हणालेली तसंच. टक्.

मग त्याने दाराचा आकडा बघितला आणि चुकचुकला. "हे हाताने नाय झालेलं. एवढं वाकत नाय. पाय लावून ओढलंय कोणीतरी."

तुम्हाला वाटत असेल, आई वाईट आहे. आई वाईट नाही. पण त्या 'पाय' शब्दाने तिचं डोकं फिरलं. दसरा चार दिवसांवर आलेला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. बाबा गेले तरी तिने ते सोडलेलं नाही — मिक्सर, शिलाई मशीन, फ्रिज, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. वॉशिंग मशीनला तर सगळ्यात मोठा हार, कारण ते तिने स्वतःच्या कमाईचं पहिलं घेतलेलं. वस्तू तुटली ते तिने सोसलं असतं. पण पाय?

"पाय लावला हिने? पूजेच्या वस्तूला? आणि तोंड वर करून मी नाही म्हणते?"

लगद्याकडे बोट करून म्हणाली, "ही तुझी पत्रकं ना? झोळी टाकायच्या आधी कप्पे तरी बघायचे. बघायला नको तिने?"

झोळी मी टाकलेली. पाय माझा. मी तिथे उभी होते, माझ्याच शब्दांचा लगदा परातीत पडलेला बघत. आणि मी मान हलवली. हो म्हणायला हलवतात तशी.

आता जे सांगते, त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. एवढा वेळ मी मुद्द्याभोवती फिरते आहे हे मलाही कळतंय.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटचं एक ॲप आहे. तुमच्याकडेही असेल. कामवाली गेटवर आली की मोबाईल वाजतो. तिचा फोटो, किती घरं करते, कधी आली, कधी गेली, सगळं त्यात. आणि खाली चांदण्या. हॉटेलातल्या पनीरला देतात तशा माणसाला चांदण्या. त्याखाली शेरा लिहायची जागा. मेकॅनिक गेल्यावर आईने मोबाईल माझ्या पुढ्यात धरला.

"तू लिही गं. मला ते टायपिंग जमत नाही, आणि तुझं कसं नेमकं असतं."

मी लिहिलं.

'घरातली वस्तू तोडली. विचारल्यावर खोटं बोलली. कामावर ठेवू नये.'

बघा. तीन वाक्यं. तिन्ही लहान. दोष पहिल्याच ओळीत. शेवट मागणीने. आजवर मी लिहिलेलं सगळ्यात परिणामकारक पत्रक ते — त्याच्या मागण्या पहिल्याच आठवड्यात मान्य झाल्या. मावशीची बाकीची तिन्ही घरं त्याच कॉम्प्लेक्समधली. तिन्ही सुटली. डी विंगच्या भाभी, ज्यांच्या घरी ती ते दार उघडायला शिकली, त्यांनीसुद्धा तिला गेटवरूनच परत पाठवलं. महिन्याभरात माजिवड्याची खोली सोडून ती खडवलीला भावाकडे गेली. मुलीचं कॉलेज वर्षाच्या मध्येच तुटलं.

आणि आम्ही दसऱ्याला नवीन हँडलला हार घातला. हार मी ओवला. झेंडूला आंब्याचं पान लावून.

इथे थांबले असते तर मी नुसतीच भ्याड ठरले असते. पण मी कार्यकर्ती आहे. आमचं काम चालूच राहतं.

सहा महिन्यांनी कल्याणच्या ऑफिसात एक बाई तक्रार देऊन गेली — गेटच्या ॲपवरच्या शेऱ्यामुळे कामं गेली. कागदावर नाव सुनंदा भोईर, गाव खडवली, आणि खाली एक ओळ : 'बाकीचं तोंडी सांगीन, घरी माणूस पाठवा.' विजूताईंनी तो कागद माझ्या हातात दिला. "मुक्ता, तू जा. यावर आपलं पुढचं पत्रक."

ती मुद्दाम आमच्याच ऑफिसात आलेली. माझ्या पत्रकांवरून तिला संघटनेचं नाव माहीत होतं. तरी तिने तिथे माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं नाही.

मी नाही म्हणू शकले असते. गेले. का? क्षमा मागायला? छे. दुसरी कोणी गेली तर मावशी तिला सगळं सांगेल, म्हणून मी गेले.

भावाच्या अंगणात ती वालाच्या शेंगा सोलत बसलेली. मला बघून उठली नाही.

"आलीस? मला वाटलेलं दुसरीला पाठवशील."

"कशा आहात मावशी?"

"नदीवरच्या खानावळीत भाकऱ्या थापते. हात बघ." हात दाखवला, मनगटापर्यंत पोळल्याचे डाग. "तो माठ, पाणी घे. आणि वही काढ."

मी वही काढली.

"लिही. सुनंदा बाळाराम भोईर. लिहिलंस? घोडबंदर रोडला एका घरी सात वर्षं काम केलं. तिथं मशीनचं दार तुटलं. मी नाय तोडलं. घरातल्या पोरीनं तोडलं, बूट लावून. मी तिला बोललेली, ओढू नको. ती पोरगी पण तुमच्यासारखीच संघटनेत हाय."

माझं पेन थांबलं.

"थांबलीस का? शाई संपली?"

"मावशी, मी —"

"माझ्याशी नको बोलू. वहीत बोल. वहीत तू बरी बोलतेस." एक शेंग सोलून दाणे ताटात टाकले. "आता मोबाईलचं लिही. ते आईनं नाय लिहिलं. आईचं लिहिणं मी सात वर्षं वाचलंय, फ्रिजवर चिकटवायची — सुनंदा दूध तापव, सुनंदा कोथिंबीर निवड. ते दुसऱ्याचं हाय. माझ्या पोरीनं वाचलं न् म्हणली, आई, हे ताईच्या कागदासारखं हाय गं. बारीक बारीक, टोचणारं."

मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. मीच मनात ओरडत होते, की हिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे मला रडता येईल आणि रडलं की आपण चांगले होतो. तिने ती सोय केली नाही.

"नाव छाप हां माझं," ती म्हणाली. "मला कसली लाज? आणि त्या पोरीचं पण छाप. दोन्ही नावं शेजारीशेजारी पायजेत."

मी म्हणाले — अजून किळस येते — "मावशी, नाव छापलं तर कायद्याची अडचण होते. त्रास होतो."

"कोणाला? मला का तिला?"

मी वही बंद केली. निघताना तिने वालाचे सोललेले दाणे पिशवीत घालून दिले. "आईला दे. तिला बिरडं आवडतं." ती टोमणा मारत होती की खरंच देत होती, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी पिशवी घेतली. घरी दिली. आईने बिरडं केलं, विचारलं कुठून आणलेस, मी म्हणाले मंडईतून. आणि मी ते खाल्लं.

पत्रक त्याच आठवड्यात लिहिलं. तुम्ही वाचलंय. तिसरा परिच्छेद : 'ठाण्यातील एका घरकामगार ताईवर एका मालकिणीने वस्तू तोडल्याचा खोटा आळ घेतला आणि मोबाईलवर शेरा लिहून तिची रोजी तोडली.' मी तिचं नाव काढलं. विजूताईंना सांगितलं, बाईच्या सुरक्षिततेसाठी. त्या म्हणाल्या, बरोबर, जबाबदारीने वागलीस. 'घरातल्या पोरीनं' काढून 'मालकिणीने' घातलं, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पन्नाशीची, गळ्यात सोन्याची चेन घातलेली बाई यावी. माझी आई यावी. आई, तुझ्याशीही मी वाईट वागले, ते इथे लिहून ठेवते. तू खोट्यावर विश्वास ठेवलास, ते खोटं माझं होतं.

त्या पत्रकावर सभा झाल्या. विजूताई तो परिच्छेद वाचून दाखवतात तेव्हा हॉलमध्ये बायका पदराने डोळे पुसतात. पत्रक पुन्हा छापलं, पुन्हा छापलं. 'काय लिहितेस गं' म्हणून लोक माझी पाठ थोपटतात. मी माईक हातात घेऊन विचारते, "कोण आहेत ही माणसं? रात्री झोप कशी लागते यांना?"

लागते. मी सांगते तुम्हाला. छान लागते. पंखा तीनवर ठेवून.

मला राग येतो, तो खोटा नाही. गेटच्या ॲपचा येतो, कामवाल्यांच्या वेगळ्या लिफ्टचा येतो, बाहेर काढलेल्या चपलांचा येतो. पण इतकी वर्षं मी तो राग बाहेर फेकत होते, कारण बाहेर माणसं पुष्कळ आहेत आणि आपल्या बाजूला टाळ्या. ज्या मालकिणीविरुद्ध मी मोर्चा काढला, ती माझ्याच बुटात उभी होती. आणि तुम्ही — हे वाचताना तुम्हाला मनातून बरं वाटत असेल, की ही मुलगी भयंकर आहे, आम्ही असं केलेलं नाही — तुमच्या मोबाईलमध्ये तुमच्या बाईच्या नावापुढे किती चांदण्या आहेत? कोणी दिल्या? कशासाठी कापल्या?

ती तीन वाक्यं अजून ॲपवर आहेत. मी ती पुसू शकते. आईचा मोबाईल समोरच्या टेबलावरच पडलाय. पण गुपचूप लिहिलेलं गुपचूप पुसलं, की मी परत स्वच्छ. बाहीने पत्रा पुसला तशी. म्हणून आधी हे लिहिलं. हे छापून आलं की ॲपवर, त्याच जागी, कोणी तोडलं आणि कोण खोटं बोललं ते माझ्या नावाने लिहीन, आणि हा कागद घेऊन खडवलीला जाईन. ती दार उघडेल की नाही, तो तिचा प्रश्न. संघटनेने मला ठेवायचं की काढायचं, तो संघटनेचा.

मला समजून घ्या असं मी म्हणत नाही. समजून घेण्यासारखं यात काही नाही.

पण पत्रकाचा शेवट मागणीने करायचा असतो, आणि माझी तुमच्याकडे मागणी आहे. ते पिवळं पत्रक तुमच्या घरी असेल. पुस्तकात घडी घालून ठेवलं असेल, नाहीतर तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावलेलं असेल. ते काढा. तिसरा परिच्छेद. 'एका घरकामगार ताईवर' यावर रेघ मारा आणि वर लिहा, सुनंदा बाळाराम भोईर हिच्यावर. मग 'एका मालकिणीने' यावर रेघ मारा आणि लिहा, मुक्ता परब हिने.

पेन्सिलीने नको. पेनाने लिहा. दोन्ही नावं शेजारीशेजारी.